मित्रानं बनवलेलं डिजिटल कॅरेक्टर शीट तपासायचं कसं आणि त्यावर उपयोगाचं बोलायचं कसं

टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळताना प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राची सगळी माहिती एका कागदावर ठेवतो; तेच कॅरेक्टर शीट. टेबलावरच्या कुणाला तरी एक दिवस या कागदाचा कंटाळा येतो. खोडरबरानं घासून घासून एचपीच्या (पात्रात जीव किती उरला त्या आकड्याच्या) चौकटीला भोक पडलेलं असतं, स्पेलच्या, म्हणजे मंत्रांच्या, यादीवर चहा सांडलेला असतो. मग तो रात्री जागून गुगल शीट्समध्ये कॅरेक्टर शीट तयार करतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकतो आणि खाली लिहितो, 'बघा आणि सांगा.' पुढं काय येतं ते ठरलेलं. 'नाद खुळा!', 'लई भारी भावा', चार अंगठे आणि एखादा 'रंग जरा बदल की.' बनवणाऱ्याला बरं वाटतं, पण हातात काही पडत नाही. तिसऱ्या-चौथ्या सेशनला ऐन लढाईत कुणाचा तरी एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) चुकीचा निघतो आणि मग अर्धा तास नियमांवर भांडण.

हा लेख त्या अंगठे देणाऱ्यांसाठी आहे. कोल्हापुरात आमचा ग्रुप राजारामपुरीतल्या एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी खेळतो. शीट बनवायचा नाद असलेली मंडळी आमच्यातच आहेत आणि ती तपासायचं काम हळूहळू माझ्या गळ्यात आलं. उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीची घेतली आहेत, कारण आमच्या ओळखीतल्या बहुतेकांची सुरुवात तिथूनच झाली. दुसरा खेळ खेळत असाल तर आकडे बदलतील, पद्धत बदलायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शीट नुसतं बघून तपासता येत नाही. ते खेळून तपासायचं असतं. आणि सांगताना 'काय झालं' ते सांगायचं. 'काय करायला पाहिजे' हे बनवणारा विचारेल तेव्हा.

आधी हे जवळ ठेवा

- कागदावर हातानं भरलेलं एक पूर्ण कॅरेक्टर. सगळी बेरीज-वजाबाकी स्वतः केलेली. हे तुमचं मोजमाप; याच्याशी ताडून बघितल्याशिवाय शीट बरोबर की चूक हे कळायचं नाही.
- नियमांचा संदर्भ. फुकटचा आणि अधिकृत हवा असेल तर सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट पुरेसं आहे. त्याची ५.१ आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली.
- मोबाईल आणि जमलं तर एक लॅपटॉप. दोन्हीवर बघायचं आहे.
- फासे. शीटमध्ये रोल करायची सोय असली तरी खरे फासे ठेवा.
- वही आणि पेन. शीटमधल्या चुका शीटमध्येच टिपायला जाऊ नका, गोंधळ होतो.
- एक असा माणूस ज्यानं हा खेळ कधी खेळलेला नाही. धाकटा भाऊ, बहीण, रूममेट, कुणीही. याचा उपयोग पुढं सांगतो.

१. शीट कोणत्या नियमांचं आहे ते पहिलं विचारा

पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४चे आहेत आणि २०२४चे सुधारित नियमही आहेत. दोन्हींना लोक सर्रास 'फिफ्थ एडिशन'च म्हणतात, त्यामुळं निम्म्या तक्रारी इथंच जन्माला येतात. २०१४मध्ये अ‍ॅबिलिटी स्कोअरची (ताकद, चपळाई अशा सहा गुणांच्या आकड्यांची) वाढ तुमच्या वंशातून मिळते, २०२४मध्ये ती बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून, मिळते. लाँग रेस्टनंतर, म्हणजे मोठ्या विश्रांतीनंतर, २०१४च्या नियमांत खर्च झालेले हिट डाइस (एचपी भरून काढायचे फासे) एकूण संख्येच्या निम्म्यापर्यंतच परत येतात, २०२४मध्ये सगळे. थकव्याचे, म्हणजे एक्झॉशनचे, नियम तर पूर्णच बदलले: आधी सहा पायऱ्या आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा, आता प्रत्येक पायरीमागं रोलवर सरळ दोनची वजावट आणि वेग पाच फुटांनी कमी.

तेव्हा 'तुझं शीट चुकलंय' म्हणायच्या आधी तुमच्या डोक्यात कोणतं साल आहे ते बघा. आणि शीटवर कुठंच साल लिहिलेलं नसेल, तर हाच तुमचा पहिला अभिप्राय.

२. स्वतःची कॉपी काढा

बनवणाऱ्यानं लिंकला 'एडिट'ची परवानगी देऊन ठेवली असेल तर पाच जण एकाच फाइलमध्ये घुसतात. एकानं स्ट्रेंथ बदलली की दुसऱ्याचा हल्ला बदलतो, आणि मग कोण काय बघत होतं याचा पत्ता लागत नाही. फाइल मेनूतून 'मेक अ कॉपी' करा, नावापुढं तुमचं नाव आणि तारीख टाका. मूळ फाइलला हात लावू नका.

कॉपी वापरायला घेतली की काही शीटं परवानगी मागतात, कारण त्यांच्यात अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप कामं करणारा छोटा प्रोग्रॅम, असते. शीट ओळखीच्या माणसानं बनवलंय आणि स्क्रिप्ट काय करते हे त्यानं सांगितलंय, तर द्या. कुठून तरी फिरत आलेल्या शीटला तुमच्या ड्राइव्हची किल्ली देऊ नका. लढाईतले आकडे बेरजेला लावण्यासाठी कुठल्याच शीटला तुमच्या ईमेलमध्ये डोकवायची गरज नसते.

डीएम, म्हणजे खेळ चालवणाऱ्या, लोकांसाठी एक सावधगिरी इथंच सांगतो. खलनायकाचे आकडे, पुढच्या गुहेतला सापळा, कोण फितूर आहे, असलं काही खेळाडूंच्या फाइलमध्ये 'हाइड' केलेल्या टॅबवर ठेवू नका. ज्याला फाइल फक्त बघता येते तोही तिची कॉपी काढून लपवलेला टॅब उघडू शकतो. आमच्या ग्रुपमध्ये असली पोरं आहेत, तुमच्यातही असतीलच. गुपितांची फाइल वेगळी.

३. कागदावरचं कॅरेक्टर जसंच्या तसं भरा

आता सरळ सुरुवात करा: नाव, वंश, क्लास (फायटर, विझार्ड असा पात्राचा पेशा), लेव्हल, सहा स्कोअर, अठरा स्किल, हत्यारं, चिलखत, सामान. भरताना घाई नको, आणि कुणाला विचारूही नका. जिथं थांबलात, जिथं 'हे कुठं टाकायचं?' असं मनात आलं, ती चौकट वहीत लिहा. हा थांबण्याचा क्षण फार मोलाचा आहे, कारण तो एकदाच येतो. एकदा जागा कळली की तुम्ही परत कधी अडखळत नाही, आणि तिथं काही अडचण होती हेही विसरता.

म्हणूनच नवखा माणूस लागतो. त्याच्या हातात मोबाईल द्या आणि सांगा, 'याचा एसी किती आहे ते शोध.' मग 'तलवारीनं मारायचं तर किती मिळवायचे?' मग 'याच्याकडं दोर आहे का?' तो कुठं बोट फिरवतो ते बघत बसा. बोलायचं नाही. तोंड गप्प ठेवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, विशेषतः बनवणारा शेजारी बसला असेल तर.

४. आकड्यांच्या खोड्या काढा

वस्ताद जसा नव्या पोराला आखाड्यात उतरवायच्या आधी दोन-चार डाव टाकून बघतो, तसं इथं करायचं. सगळे साधे आकडे टाकले तर कुठलंही शीट बरोबरच उत्तर देतं. चुका कडेच्या आकड्यांवर असतात.

*मॉडिफायर.* म्हणजे स्कोअरवरून निघणारा, रोलमध्ये मिळवायचा आकडा. स्कोअरमधून १० वजा करायचे, दोननं भागायचं, अपूर्णांक आला तर खालच्या पूर्णांकावर यायचं. १५ला +२, ८ला −१. मेख ९ आणि ७वर आहे. ९मधून १० गेले की −१, त्याचं अर्धं −०.५, आणि खाली यायचं म्हणजे −१. गुगल शीट्समधलं 'इंट' फंक्शन बरोबर −१ देतं. पण बनवणाऱ्यानं 'राउंडडाउन' वापरलं असेल तर ते शून्याच्या दिशेनं सरकतं आणि उत्तर ० येतं. ७ला −२ऐवजी −१. ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही, कारण नवे खेळाडू सहसा १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वाटून घेतात. त्यात दहाच्या खालचा एकटा ८, आणि त्याला दोन्ही फंक्शनं सारखंच उत्तर देतात. तेव्हा सहाच्या सहा स्कोअरमध्ये एकदा ९ आणि एकदा ७ टाकून बघा. एका ठिकाणी बरोबर आलं म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवू नका. एखादी चौकट हातानं टाइप केलेली असते.

*प्रोफिशियन्सी बोनस.* पात्राला जे चांगलं येतं त्याच्या रोलमध्ये हा मिळवतात. लेव्हल १ ते ४ला +२, ५पासून +३, ९पासून +४, १३पासून +५, १७पासून +६. लेव्हल ४ टाका, मग ५. मग ८ आणि ९. उरलेल्या दोन जोड्याही बघून घ्या, मिनिटभराचं काम आहे. बोनस बदलला की स्किल, सेव्हिंग थ्रो (संकट टाळायचा रोल), हल्ला आणि स्पेलचा डीसी (तो स्पेल टाळायला समोरच्यानं गाठायचा आकडा), चारही बदलले पाहिजेत. डीसी विसरलेला असतो, हा माझा अनुभव. तो ८ अधिक बोनस अधिक मॉडिफायर असतो; पाचव्या लेव्हलचा विझार्ड, इंटेलिजन्स १८, म्हणजे ८ + ३ + ४ = १५.

*एचपी.* हा डाव जरूर टाका. फायटर घ्या, कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणाचा स्कोअर) १५. पहिल्या लेव्हलला १० + २ = १२. पुढच्या लेव्हलना सरासरीचे ६ + २ = ८ धरले, तर तिसऱ्या लेव्हलला २८. चौथ्या लेव्हलला कॉन्स्टिट्यूशन १६ करा, म्हणजे मॉडिफायर +३ झाला. आता एचपी किती? नियम सांगतो, मॉडिफायर वाढला की मागच्या सगळ्या लेव्हलचाही एकेक एचपी मिळतो. म्हणजे २८ + ९ + ३ = ४०. शीट ३७ दाखवत असेल, तर त्यात फक्त नव्या लेव्हलची भर पडली आहे, मागचे तीन राहिले.

*एसी.* इथं आमचा सर्जा पैलवान कामाला येतो. सर्जा बार्बेरियन आहे. अंगावर लंगोटाशिवाय काही नाही, डेक्स्टेरिटी (चपळाईचा स्कोअर) १४, कॉन्स्टिट्यूशन १६. बिनचिलखताचा बार्बेरियन १० अधिक दोन्ही मॉडिफायर धरतो, म्हणजे १५. ढाल घेतली तर १७. बार्बेरियनला ती चालते, मंकला चालत नाही. आता त्याला लेदरचं चिलखत घाला. कॉन्स्टिट्यूशनचा फायदा गेला पाहिजे आणि एसी ११ + २ = १३ झाला पाहिजे. बरीच शीटं इथं १६ दाखवतात, कारण दोन्ही फायदे एकावर एक चढवलेले असतात. सर्जाला चिलखत घालून नुकसान होतं हेच बरोबर आहे.

मग जड चिलखत. चेन मेलचा एसी १६, त्यात डेक्स्टेरिटी मिळवायची नाही. डेक्स्टेरिटी ८ असलेला पॅलाडिन घ्या. एसी १६च राहिला पाहिजे. शीट १५ दाखवत असेल तर उणे मॉडिफायर वजा होतोय, आणि नियमात ती वजावट नाही. मधल्या चिलखतांना डेक्स्टेरिटीचे जास्तीत जास्त २ मिळतात: स्केल मेल १४, डेक्स्टेरिटी १८ असली तरी एसी १६च.

रोगचा एक्स्पर्टीज म्हणजे दुप्पट बोनस, बार्डचा जॅक ऑफ ऑल ट्रेड्स म्हणजे निम्मा बोनस, तोही खाली उतरवून, +३ला +१. हे दोन क्लास तुमच्या टेबलावर असतील तरच बघा.

कॉल ऑफ क्थुलू हा दुसरा रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांसाठी: सातव्या आवृत्तीत प्रत्येक आकड्याचा निम्मा आणि पाचवा हिस्सा शेजारी लागतो. ४७ टाकून बघा. २३ आणि ९ यायला हवेत.

५. खोटी लढाई लावा

शीट भरणं आणि शीटवर खेळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भरताना निवांतपणा असतो. खेळताना डीएम ओरडत असतो, कुणीतरी मध्येच मिसळीचा कट सांडतो आणि तुमची पाळी आलेली असते. त्यामुळं एक छोटी लढाई लावाच: तीन गॉब्लिन पुरेत. प्रत्येक पाळीला हे टिपा: पाहिजे ती गोष्ट सापडायला किती वेळा स्क्रोल करावं लागलं, किती वेळा टॅब बदलावा लागला, आणि नजर शीटवर असताना टेबलावरचं काय हुकलं. या तिसऱ्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही. पण मान खाली घालून पाच जण मोबाईल चाळत बसले असतील तर ते शीट कितीही अचूक असलं तरी खेळाच्या मुळावर येतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुद्दाम करून बघायच्या गोष्टी:

टेम्पररी एचपी, म्हणजे वरचे तात्पुरते एचपी. आधी ५ असताना नवे ८ मिळाले तर ते १३ होत नाहीत. दोनांतले एक ठेवायचे. शीट बेरीज करत असेल तर टिपा. मार बसला की आधी टेम्पररीतून जातो, मग खऱ्यातून. त्यासाठी शीट तुम्हाला डोक्यात गणित करायला लावतंय का तेही बघा.

शून्यावर येणं. एचपी उणे जात नाही, शून्यावर थांबतो. पण मार किती उरला हे मात्र महत्त्वाचं असतं. कमाल एचपी २०, शिल्लक ७ आणि मार २७ बसला, तर शून्यावर आल्यावर २० उरले. ते कमाल एचपीइतके आहेत, म्हणजे कॅरेक्टर जागीच गेलं, डेथ सेव्ह (मरणाच्या दारातून वाचायचे रोल) नाहीत. शीट नुसतं '०' दाखवून तो उरलेला आकडा गिळून टाकत असेल तर डीएमला कळणार कसं? हे अगदी क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा खोलीत सन्नाटा असतो आणि त्या वेळी कुणाला मागचा आकडा आठवत नाही.

रेस्टचं बटण. शॉर्ट रेस्ट एक तासाची, लाँग रेस्ट आठ तासांची. वॉरलॉकचे स्पेल स्लॉट (किती स्पेल टाकता येतील त्याचा साठा) शॉर्ट रेस्टला परत येतात, विझार्डचे लाँग रेस्टला. एकच 'रेस्ट' बटण सगळं भरून काढत असेल तर वॉरलॉकवाला तक्रार करेल आणि विझार्डवाला गालातल्या गालात हसेल.

चुकून दाबलं तर? लाँग रेस्टचं बटण लढाईच्या मध्यात दाबा. मागं येता येतं का? 'अनडू'नं सगळं जागेवर आलं का?

६. मोबाईल, लाईट आणि झेरॉक्स

लॅपटॉपवर बनवलेलं शीट मोबाईलवर बघणं हा वेगळाच प्रकार आहे, आणि आमच्याकडं टेबलावर लॅपटॉप फक्त डीएमसमोर असतो. गुगल शीट्समध्ये चित्र काढून त्याला स्क्रिप्ट जोडून जी बटणं बनवतात, ती मोबाईल अ‍ॅपमध्ये चालत नाहीत. बोटानं कितीही दाबा. त्याऐवजी चेकबॉक्स लावला आणि तो बदलला की स्क्रिप्ट चालेल अशी रचना केली, तर मोबाईलवर चालतं. बनवणाऱ्यानं फक्त लॅपटॉपवर बघितलं असेल तर त्याला याचा पत्ताच नसतो. बटण दाबल्यावर काही झालं नाही, तर 'बटण बिघडलंय' एवढंच न लिहिता 'मोबाईल अ‍ॅपमध्ये दाबलं' हेही लिहा. तेवढ्यावर त्याला दुखणं कळेल.

पावसाळ्यात संध्याकाळी लाईट जाते, तिच्यामागोमाग वायफाय, आणि सगळे एकदम मोबाईल डेटावर आले की तोही रांगायला लागतो. म्हणून मोबाईलमध्ये फाइल आधीच ऑफलाइन करून ठेवा, मग एअरप्लेन मोड लावा आणि एचपी बदलून बघा. बदल टिकतो का? नेट परत आल्यावर जुना आकडा वर येऊन बसत नाही ना?

छपाई हे विसरलं जातंच. परदेशी नमुन्यावरून उचललेलं शीट बहुतेक वेळा लेटर मापाच्या कागदासाठी असतं. आपल्याकडं झेरॉक्सवाल्याकडं ए-फोर. ए-फोर लेटरपेक्षा उंच असतो पण अंदाजे सहा मिलिमीटरनं अरुंद, त्यामुळं उजवीकडची चौकट कापली जाते, आणि दुर्दैवानं तिथंच बहुधा स्पेल स्लॉट असतात. एक पान काळ्या-पांढऱ्यात छापून आणा. लाल आणि हिरव्या रंगानं काही दाखवलं असेल तर कागदावर दोन्ही एकाच राखाडी रंगाचे दिसतात का, तेही तेव्हाच कळेल.

७. मराठी टाकून बघा

आपण नावं, सामान, नोंदी मराठीत लिहितो. चौकटी मात्र इंग्रजी नावांच्या मापानं आखलेल्या असतात. टाकायला चांगली नावं: 'ज्ञानदेव', 'कृष्णाबाई', 'तऱ्हेवाईक गोऱ्या', 'सह्याद्रीपल्याडचा वऱ्हाडी'. गोऱ्या आणि वऱ्हाडीतला अर्धा र नीट दिसतो का, की तुटून वेगळाच काहीतरी होतो? मात्रा आणि रफार वरच्या रेषेत कापले जातात का? शीट भरण्याजोग्या पीडीएफच्या रूपात असेल तर हे अगदी बारकाईनं बघा, कारण तिथं जोडाक्षरं फुटण्याचा धोका जास्त. देवनागरी फॉन्ट हवा असेल तर मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी दोन्ही फुकट मिळतात.

एचपीच्या चौकटीत '१२' असा मराठी आकडाही टाकून बघा. मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो आणि घाईत तसाच आकडा पडतो. शीटनं तो आकडा म्हणून घेतला, एरर दाखवली, की गपचूप शून्य धरलं? यातलं तिसरं सगळ्यात वाईट. एरर निदान दिसते तरी.

८. आता लिहायला बसा

प्रत्येक मुद्द्याला चार गोष्टी पुरतात: कशावर बघितलं, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. चौथ्यात नियमाचा आधार द्या.

कच्चा अभिप्राय असा असतो: 'एसी चुकतोय, जरा बघ.'

कामाचा असा: 'अँड्रॉइड मोबाईल, शीट्स अ‍ॅप. सर्जा, बार्बेरियन लेव्हल ३, डेक्स १४, कॉन १६. चिलखताच्या यादीतून लेदर निवडलं. एसी १६ दिसला. १३ हवा होता, कारण चिलखत घातल्यावर कॉन मिळत नाही.'

दुसरा वाचून बनवणारा तुम्हाला फोन न करता चूक शोधू शकतो. पहिला वाचून तो आधी तुम्हाला तीन प्रश्न विचारणार, तुम्ही ते रात्री बघणार आणि तोवर काय टाकलं होतं ते विसरलेले असणार.

मुद्दे चार ढिगांत लावा. सगळ्यात वर चुकीचे आकडे. मग जिथं खेळ अडला ते. मग जिथं वेळ गेला. रंगरूप शेवटी. रंगावर सगळ्यांनाच मत असतं म्हणून ते आधी बोललं जातं आणि बिचारा बनवणारा दोन दिवस निळ्याच्या छटा बदलत बसतो, तिकडं ९चा मॉडिफायर शून्यच. काय आवडलं तेही लिहा, पण तेही नेमकं. 'स्पेलची यादी लेव्हलप्रमाणं दुमडते त्यामुळं एका अंगठ्यात सापडतं' असं लिहिलंत तर पुढच्या बदलात तो ते मोडणार नाही.

उपाय सुचवायचा मोह होतो. 'इथं ड्रॉपडाउन टाक', 'दोन टॅब एकत्र कर.' आवरा. त्यानं तसं का केलं असेल याचं कारण तुम्हाला माहीत नसतं, आणि तुमचा उपाय पटला नाही की तो तुमची अडचणही बाजूला ठेवतो. आधी अडचण पोचू दे. विचारलं तर मग बसा चहा घेत.

आणखी एक सापळा: तुमच्या घरच्या नियमांना चूक म्हणू नका. आमच्या टेबलावर औषधाची बाटली बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या छोट्या जादा कृतीत, पिता येते. २०१४च्या नियमांत ती अख्खी अ‍ॅक्शन खाते, २०२४मध्ये बोनस अ‍ॅक्शन. शीट २०१४चं असेल तर चुकलेलं नाही, आमचं टेबल वेगळं आहे. असे मुद्दे वेगळ्या कागदावर.

९. बनवणारा तुम्हीच असाल तर

थोडक्यात. शीट सगळ्यांना एकदम दाखवू नका. दोघांना द्या, दुरुस्त करा, मग पुढच्या दोघांना. पाचही जण एकाच वेळी तीच चूक सांगतात आणि मग नवी नजर उरत नाही. एक स्पेलवाला, एक मारामारीवाला, असे निवडा. कुणी काही सांगत असताना 'अरे ते तसं नाही, वर बघ ना' म्हणू नका. त्याला वर बघावंसं वाटलं नाही, हीच बातमी आहे. सूत्रं असलेल्या चौकटींना प्रोटेक्ट करा, नाहीतर कुणाचं तरी बोट लागून सूत्राच्या जागी आकडा बसतो आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता.

शीट ग्रुपबाहेर वाटायचं असेल तर त्यात काय भरलंय ते तपासा. सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंटमधला मजकूर श्रेय देऊन वापरता येतो. विकतच्या पुस्तकातले सबक्लास आणि स्पेलची वर्णनं उचलून टाकणं त्यात बसत नाही. चौकट रिकामी ठेवा, ज्याच्याकडं पुस्तक आहे तो भरेल.

१०. दुरुस्त आवृत्ती आली की

तुमची कॉपी आपोआप सुधारत नाही. मूळ शीटमध्ये काहीही दुरुस्त झालं तरी तुमच्याकडं जुनंच राहतं. म्हणून नव्या आवृत्तीची नवी कॉपी काढा आणि कागदावरचं तेच कॅरेक्टर पुन्हा भरा. तेच ९ आणि ७, तीच लेव्हल ४ आणि ५, सर्जाचं तेच लेदर. ज्या चुका सांगितल्या त्या गेल्या का बघा, आणि ज्या गोष्टी आधी बरोबर होत्या त्याही. एसीचं सूत्र सुधारताना इनिशिएटिव्ह (लढाईत पाळीचा क्रम ठरवणारा आकडा) मोडलेलं मी बघितलंय.

चालू कॅम्पेनमधलं (अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टीतलं) कॅरेक्टर नव्या शीटवर आणायचं ते दोन सेशनच्या मधल्या दिवसांत, डीएमला सांगून. आकडे हातानं टाका, जुन्या शीटवरून सरसकट कॉपी-पेस्ट नको, नाहीतर जुनी सूत्रंच नव्या फाइलमध्ये येऊन बसतील. अगदी करायचंच असेल तर 'व्हॅल्यूज ओन्ली' पेस्ट करा. पहिल्या सेशनला जुनी कॉपीही मोबाईलमध्ये राहू दे, आणि एचपी, एसी, स्पेल स्लॉट एवढं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.